सेनेगलची लाम्ब कुस्ती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुस्तीशौकिनांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून एक व्हिडिओ फिरत येतो. वाळूचं मैदान, कंबरेपासून दंडापर्यंत ताईत बांधलेला सव्वाशे किलोचा गडी, बाटलीमागून बाटली अंगावर रिकामी करतोय. भोवती ढोल कडाडतायत. मग अचानक दोन ठोसे, एक झटापट, आणि खेळ खल्लास. खाली प्रश्नांचा पाऊस पडतो: हे काय आहे, कुठलं आहे, ही कुस्ती की मारामारी? तेच तेच प्रश्न येत राहतात म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतोय.

लाम्ब म्हणजे काय?

पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल देशाची पारंपरिक कुस्ती. नाव वोलोफ भाषेतलं आहे. पैलवानाला तिथे ‘एम्बर’ म्हणतात आणि त्याच्या लंगोटाला ‘न्गेम्ब’. या कुस्तीचं मूळ घराणं म्हणायचं तर सेरेर लोकांचं. देशाच्या पश्चिमेला सिन-सालुमचा सखल, खारफुटीचा प्रदेश आहे. बाजरी आणि भुईमूग पिकवणारे, मासेमारी करणारे सेरेर तिथे राहतात. देशातल्या बड्या पैलवानांची यादी काढली तर सेरेर नावं भरपूर सापडतात. दक्षिणेकडे कासामांसमधल्या जोला लोकांचीही स्वतःची जुनी परंपरा आहे.

ठोसे मारतात, मग ही कुस्ती कशी?

सेनेगलमध्ये दोन प्रकार शेजारीशेजारी नांदतात, हे लक्षात घेतलं की गोंधळ संपतो. एक प्रकार बिनठोशाचा: फक्त पकड, टांग, उचल आणि फेक. गावोगावी चालतो तो हाच आणि जुनाही हाच. दुसरा ठोशांचा. यात उघड्या मुठीने मारायची मुभा असते, ग्लोव्ह्ज नसतात. टीव्हीवर दिसतो, पोस्टरवर झळकतो आणि पैसा खेचतो तो हा दुसरा प्रकार.

‘हजारो वर्षांची परंपरा’ असं या व्हिडिओंखाली लिहिलेलं असतं तेव्हा मला जरा हसू येतं. तिकीट लावून, मैदान भरवून ठोशांच्या कुस्त्या लावायचा धंदा उभा राहिला तो 1920 च्या दशकात, फ्रेंच राजवटीतल्या डाकार शहरात. तिथल्या एका फ्रेंच सिनेमागृहमालकाने थिएटरच्या आवारात या लढती भरवायला सुरुवात केली. म्हणजे गावची कुस्ती जुनी, शहरी लाम्बचं आजचं रूप साधारण शंभर वर्षांचं. म्हणून ते खोटं ठरतं असं अजिबात नाही. पण दोन्हींना एकाच पुराणकाळात ढकलू नये.

हार-जीत कशी ठरते?

आपल्या मातीतल्या कुस्तीत गडी खाली आला तरी खेळ संपत नाही. उलट तिथून खरा खेळ रंगतो: घिस्सा, स्वारी, मोळी. दोन्ही खांदे टेकले तरच चीतपट. लाम्बमध्ये खाली आलात की संपलात. पाठ टेकली, बूड टेकलं, किंवा दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे एकाच वेळी वाळूला लागले, म्हणजे जनावरासारखे चार पायांवर आलात, तरी हार. जमिनीवरची कुस्ती नावालाही नाही.

या एका नियमामुळे सगळी चाल बदलते. पट काढायला, म्हणजे समोरच्याचे पाय धरायला, खाली वाकणं म्हणजे जिवाशी खेळ. समोरच्याने मानेवर भार टाकून नुसतं दाबलं आणि तुमचे हात-गुडघे टेकले की निकाल लागला. म्हणून बडे पैलवान बराच वेळ उभ्यानेच एकमेकांचा अंदाज घेत राहतात. एक हात पुढे हवेत सारखा हलता, समोरच्याच्या मनगटाला टपल्या मारणारा, दुसरा हनुवटीजवळ. आपल्या खडाखडीची आठवण यावी असाच प्रकार, फक्त इथे त्या हलत्या हातातून कधीही ठोसा येऊ शकतो. ठोशाने गडी बेशुद्ध करणं हा बहुतेकदा हेतू नसतोच. ठोसा चुकवायला समोरच्याने हात वर घेतला की त्याची कंबर मोकळी होते, आणि पकड तिथे बसते.

नुसती टाळाटाळ करणाऱ्याला पंच ताकीद देतात. मैदानाची हद्द वाळूच्या पोत्यांनी आखलेली असते. कोणीच पडलं नाही तर ताकिदी मोजून निकाल लावतात, आणि असा निकाल लागला की समर्थकांचं डोकं फिरतं.

‘एम्बापाट’ असा शब्द वाचला. तो काय?

गावातल्या बिनठोशाच्या कुस्त्यांचा मेळावा. पावसाळा सरला, बाजरी-भुईमूग घरात आले, हातात थोडा मोकळा वेळ आला की हे मेळावे भरतात. बऱ्याचदा रात्री, दिव्यांच्या उजेडात. आपल्याकडे सुगीनंतर जत्रेत फड लागतात, पंचक्रोशीतले मल्ल येतात, तसंच. गावाची अब्रू पैलवानाच्या खांद्यावर. इनाम पूर्वी बैल, धान्य, कापड असं असायचं. आता रोख रक्कमही असते.

एम्बापाटमध्ये एकाच रात्री एका गड्याला अनेक कुस्त्या माराव्या लागतात. एक जोड सुटली की दुसरी. त्यामुळे दमसास, पायांची चपळाई आणि डाव यांची खरी परीक्षा इथे होते. शहरातल्या बड्या लढतीत वर्षभरात एक-दोनदाच उतरणारा गडी इथे आणला तर त्याची फेफे उडेल, असं जुने शौकीन म्हणतात ते उगीच नाही. पुढे नाव काढलेले किती तरी पैलवान याच रात्रींमधून वर आले. बिनठोशाच्या प्रकारात प्रांतांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धाही होते, राष्ट्राध्यक्षांच्या नावाच्या ध्वजासाठी.

कुस्ती दोन मिनिटांची आणि त्याआधी तीन तास चालतं काय?

खरं सांगायचं तर तिथल्या प्रेक्षकाने तिकिटाचे पैसे त्या तीन तासांसाठीही दिलेले असतात.

दुपारपासून किरकोळ जोडी सुटत असतात. बडे पैलवान आपापल्या लवाजम्यासह मैदानात येतात. एकेकाबरोबर पन्नास-पन्नास माणसं, सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट. मग पैलवान आपल्या साथीदारांसह नाचत मैदानाला फेरी घालतो. हा नाच बसवलेला असतो, महिनोन्महिने सराव केलेला. एवढ्या जड शरीराने इतक्या हलक्या पावलांनी नाचणं ही कसरतच आहे, आणि जाणकार त्या पावलांवरूनच गडी किती तयारीत आहे याचा अंदाज बांधतात.

बाजूला साबार ढोल. एका हाताने काठी, दुसऱ्या हाताचा पंजा, असं वाजवायचं. वाजवणारे पिढीजात वादक-भाट घराण्यांतले असतात. गाणाऱ्या स्त्रिया पैलवानाचं कूळ, त्याचं गाव, त्याने कोणाला पाडलं ते गातात. आणि ‘बाक’ नावाचा एक अस्सल प्रकार आहे: पैलवानाने स्वतःच स्वतःची केलेली स्तुती. मी अमक्याचा मुलगा, अमक्याला लोळवलं, तमका माझं नाव ऐकून पळाला. आपल्याकडे पैलवानाने असं स्वतःच्या तोंडाने बोललेलं लोकांना रुचणार नाही. तिथे न बोलणारा कमी पडतो. जुने पैलवान यात पट्टीचे कवी होते. हल्लीची पोरं बाकमध्ये कच्ची, अशी तक्रार तिथल्या म्हाताऱ्यांची असते.

मुख्य कुस्ती लागेपर्यंत सूर्य कलतो. तोवर मैदान कढत्या तेलासारखं तापलेलं असतं.

अंगावर ओततात ते काय असतं?

वेगवेगळ्या गोष्टी. दूध असतं, झाडपाल्याचे काढे असतात, आणि ‘साफारा’ असतो. साफारा बनवण्याची रीत अशी: लाकडी पाटीवर शाईने कुराणातली वचनं लिहायची, मग ती पाण्याने धुऊन काढायची आणि ते शाईमिश्रित पाणी जपून ठेवायचं. ते पितात किंवा अंगाला लावतात. ताईत बहुतेक चामड्यात शिवलेले असतात, आत कागदावर लिहिलेली वचनं किंवा मुळ्या. दंडाला, कंबरेला, पोटरीला, कधी डोक्यालाही बांधतात. शिंगं, कवड्या, दोरे असतात. कुणी मैदानात पाठमोरा चालत येतो, कुणी वाळूत काही तरी पुरतो, कुणी पारवा सोडतो. प्रत्येकाचा तोडगा वेगळा. सांगणारा त्याचा मारबू, म्हणजे धार्मिक गुरू. सेरेरांमध्ये जुन्या कुलदैवतांचे जाणतेही असतात.

सेनेगल तर मुस्लिम देश. हे कसं चालतं?

लोकसंख्येत मुस्लिम 90 टक्क्यांहून जास्त आहेत, आणि तिथला इस्लाम सुफी परंपरांचा आहे. गुरूचा आशीर्वाद, त्याने दिलेला ताईत हे रोजच्या जगण्यातलं आहे, पैलवानापुरतं नाही. परीक्षेला बसणारा मुलगा आणि निवडणुकीला उभा राहणारा पुढारी दोघेही तेच करतात. कर्मठ मंडळी नाकं मुरडतात, पण मैदानावर त्यांचं कोणी ऐकत नाही. दर्ग्याचा धागा मनगटाला बांधून आखाड्यात उतरणारे आपल्याकडेही कमी नाहीत, तेव्हा आपण फार आश्चर्य करू नये.

पण पैलवान हे खरंच मानतात की प्रेक्षकांसाठी नाटक?

दोन्ही, आणि दोन्हींतली रेघ ओढायला जाऊ नये असं माझं मत. बाटल्या मोजून बघणारे प्रेक्षक असतात, म्हणून बाटल्या वाढतात, हे खरं. पण लढतीच्या खर्चातला भलामोठा वाटा मारबूंवर जातो. नुसत्या देखाव्यासाठी एवढा पैसा कोणी घालवत नाही. शिवाय समोरच्याने काय करून आणलंय याची धास्ती ही लढतीतली खरीखुरी ताकद आहे. पैलवान हरला की मुलाखतीत बिनदिक्कत सांगतो, माझं अंग जड झालं होतं, हात उचलत नव्हते. कोणी हसत नाही.

पैलवान तयार कुठे होतात?

शहरात ‘एकुरी’ म्हणजे तालमी आहेत. डाकारमधल्या फास वस्तीची तालीम सगळ्यांत नावाजलेली. 1970 च्या दशकातला मबाय गेय, ‘फासचा वाघ’, तिथला. त्याच्या मागून धाकटा भाऊ मुस्तफा गेय आला, दुसरा वाघ. दुसरी वाट ‘एकोल’ची, म्हणजे गावाकडून आलेल्या पोरांना धरून कुस्ती शिकवणारी शाळा. व्यायाम बहुतेक समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत. डाकारच्या किनाऱ्यावर संध्याकाळी शेकडो पोरं पळताना, जोर मारताना दिसतात. खुराकात भात, मासे आणि ‘लाख’ नावाची बाजरीची दह्यातली पेज. अलीकडे वजन वाढवण्याचं खूळ आहे, आणि त्यासाठी काय काय घेतलं जातं यावर तिथल्या वर्तमानपत्रांत बरंच लिहून येतं.

पैसा किती मिळतो?

चोटीच्या लढतीचं मानधन दहा कोटी सीएफए फ्रँकच्या (तिथलं चलन) पुढे गेलेलं आहे. आपल्या पैशांत सुमारे दीड कोटी. करार झाला की ठरलेल्या रकमेतला मोठा भाग आगाऊ मिळतो, बाकी लढतीनंतर. त्यातून तालीम, मारबू, वादक, लवाजमा, नातेवाईक सगळ्यांचं भागवायचं असतं.

ही चोटी फार अरुंद आहे, हे व्हिडिओत दिसत नाही. परवानाधारक पैलवान हजारोंनी आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना वर्षभरात एकही लढत मिळत नाही. शाळा सोडून किनाऱ्यावर घाम गाळणाऱ्या पोरांची आई काय म्हणत असेल ते सांगायला नको. सगळा कारभार सरकारने 1994 मध्ये नेमलेली राष्ट्रीय कुस्ती व्यवस्थापन समिती बघते: परवाने, पंच, डॉक्टर, दंड. डॉ. आलियुन सार यांनी ही समिती पंचवीसेक वर्षं सांभाळली. शिस्त लावली म्हणून त्यांचं कौतुक झालं आणि मानधनातून दंड कापला म्हणून शिव्याही त्यांनीच खाल्ल्या.

कोणती नावं माहीत असायला हवीत?

टायसनपासून सुरुवात करा. खरं नाव मोहम्मद न्दाव, गाव पिकिन, म्हणजे डाकारला लागून वाढलेली गरिबांची अफाट वस्ती. 1990 च्या दशकात तो आला आणि लाम्बचा सगळा नूरच पालटला. अमेरिकन बॉक्सरचं नाव घेतलं, अंगावर अमेरिकेचा झेंडा पांघरून मैदानात यायला लागला आणि मानधनाची बोली भलतीच चढवली. शहरी बेकार पोरांना तो आपला वाटला. जुन्या लोकांना तो उर्मट वाटला. आज पैलवान लाखोंत बोलतात त्याची सुरुवात त्याने केली. 2002 मध्ये एम्बूरच्या बोम्बार्दियेने त्याला पाडलं.

मग यकिनी, मूळ नाव याख्या दिओप. सालुमच्या बेटांवरचा सेरेर. टोपणनाव नायजेरियाचा फुटबॉलपटू रशिदी यकिनी याच्यावरून पडलेलं. हा टायसनच्या अगदी उलट: मितभाषी, एम्बापाटमध्ये घडलेला, पकड बसली की सुटका नाही. जवळपास पंधरा वर्षं तो हरलाच नाही. 22 एप्रिल 2012 रोजी गेदियावायच्या बाला गाय 2 ने त्याला पाडलं तेव्हा अर्धा देश जल्लोषात होता आणि अर्धा सुतकात. माझ्या मते डाव शिकायचा असेल तर टायसनच्या नव्हे, यकिनीच्या कुस्त्या बघाव्यात. त्याचे पाय बघा, हात नंतर.

बाला गाय 2 चं खरं नाव उमर साखो. त्याचा बाप डबल लेस हाही नामांकित मल्ल. पोराची मस्ती 2014 मध्ये बोम्बार्दियेने उतरवली. 2019 मध्ये ‘मैदानाचा राजा’ हा किताब मोदू लो याच्याकडे गेला, डाकारच्या पार्सेल वस्तीचा गडी.

नावापुढे ‘2’ कशाला?

आधीच्या पिढीतल्या मोठ्या पैलवानाचं नाव घेतलं की पुढे 2 लावायचा. मांगा 2, बाला गाय 2, लाक द गिएर 2. नाव घेणाऱ्याने ते राखावं अशी अपेक्षा असते.

बायका कुस्ती खेळतात का?

ठोशांच्या लाम्बमध्ये नाही. पण कासामांसमध्ये जोला मुलींच्या कुस्त्यांची जुनी परंपरा आहे, उस्सुय भागात आजही पावसाळ्याच्या अखेरीस मुली मैदानात उतरतात. इझाबेल सांबू त्याच प्रदेशातली. तिने गावच्या वाळूतून ऑलिंपिकच्या मॅटपर्यंत मजल मारली, आफ्रिकेची अजिंक्यपदं अनेकदा जिंकली आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 48 किलो गटात पाचवी आली. पदक थोडक्यात हुकलं. सेनेगलच्या पुरुष पैलवानांकडे पैसा आणि पोस्टर, आणि जागतिक कुस्तीत देशाचं नाव काढलं ते या बाईने. याचं तिथे जेवढं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही, असं मला वाटतं.

लाम्बचे पैलवान एमएमएमध्ये (ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या मिश्र लढतींत) टिकतात का?

दोन उदाहरणं देतो, निष्कर्ष तुम्ही काढा. बोम्बार्दिये 2021 मध्ये पोलंडमध्ये मारिउश पुजानोव्स्कीसमोर उभा राहिला आणि 18 सेकंदांत झोपला. तेव्हा त्याचं वयही उतरणीला लागलं होतं. उलट डाकारजवळच्या तियारोयचा ओमार कान, लाम्बमधलं नाव रग रग, याने जमिनीवरची कुस्ती नव्याने शिकून घेतली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये वन चॅम्पियनशिप या एमएमए संघटनेचा हेवीवेट किताब जिंकला. त्याने हरवलेला रशियाचा अनातोली मालिखिन तोवर हरला नव्हता.

आपला पैलवान तिथे चालेल का?

बिनठोशाच्या प्रकारात कमरेची पकड आणि टांग चांगली असलेला गडी नक्की भाव खाईल. पण आधी खाली बसायची सवय मोडावी लागेल. आपले अर्धे डाव समोरच्याला खाली घेतल्यावरचे आहेत, त्यांचा तिथे उपयोग शून्य. आणि एक गुडघा टेकून पट काढताना हात जमिनीला लागू न देण्याची वेगळी तालीम करावी लागेल. ठोशांच्या प्रकाराचं नावही काढू नये.

अशी कुस्ती आफ्रिकेत आणखी कुठे?

पुष्कळ ठिकाणी. शेजारच्या गांबियात आहे. नायजरमध्ये दर वर्षी राष्ट्रीय तलवारीसाठी कुस्त्या होतात, तिथे विजेत्याला खरोखर तलवार मिळते. नायजेरियात इग्बो लोकांची, सुदानमध्ये नुबा लोकांची. कॅमेरूनमध्ये फाको पर्वताच्या उतारावरचे बाक्वेरी आणि किनाऱ्यावरचे दुआला हेही कुस्तीवेडे. दुआलांच्या न्गोंदो या जलपूजेच्या उत्सवात कुस्ती असते आणि 2024 मध्ये या उत्सवाला युनेस्कोच्या वारसा यादीत जागा मिळाली. ठोशांच्या कुस्तीसाठी मात्र नाव सेनेगलचं.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर?

हंगाम साधारण नोव्हेंबर ते जुलै, लढती बहुतेक रविवारी. बड्या लढती पिकिनच्या राष्ट्रीय मैदानात होतात. चीनच्या मदतीने बांधलेलं हे मैदान 2018 मध्ये खुलं झालं, सुमारे 20,000 माणसं बसतात. दुपारी लवकर जा, पाण्याची बाटली ठेवा, फोन खिशात खोल ठेवा. मुख्य कुस्ती संपली की लगेच बाहेर पडायची घाई करू नका: हरलेल्या बाजूची पोरं रस्त्यावर दगडफेक करतात, बसच्या काचा फुटतात, हे नेहमीचं. अर्धा तास आत बसलेलं बरं.

आणि शक्य असेल तर डाकारहून सेरेरांच्या भागात, फातिक किंवा जोआलकडे उतरा. सुगीनंतरच्या दिवसांत कुठे एम्बापाट आहे ते चहाच्या टपरीवर विचारलं तरी कळतं. तिकीट किरकोळ, बसायला वाळू, आणि कुस्त्या मध्यरात्र उलटेपर्यंत.